गिऱ्हेपुंजे यांचं बॉनेट

परवा आमच्या गल्लीत कोणाच्या तरी पाहुण्याने गाडीचं बॉनेट धाडकन आपटलं. मी ओट्याशी कणीक मळत होते. हात थांबला आणि तोंडून आपसूक निघालं, "आपटू नका, टेकवा." मग माझा मलाच राग आला. हे वाक्य माझं नाही. ते आमच्या शेजारच्या गिऱ्हेपुंजे भाऊजींचं आहे, आणि त्या माणसाचा एकही शब्द आपल्या तोंडात राहू द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं.

भाऊजी आता पुण्याला मुलाकडे असतात. तब्येत चांगली आहे असं ऐकते. चांगलीच राहू दे. आजारी माणसावर धड रागावता येत नाही, आणि मला अजून पुष्कळ दिवस रागवायचं आहे.

जवाहरनगरच्या फॅक्टरीतून चार्जमन म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी भंडाऱ्यात, आमचं घर चढत असतानाच, आमच्या भिंतीला लागून घर बांधलं. उंच, वाळलेला माणूस. अंगात पांढरा बुशकोट आणि खिशात पेनाशेजारी करवतीच्या पात्याचा एक जुना तुकडा. लोक खिशात चष्मा ठेवतात, तंबाखूची डबी ठेवतात, यांच्याकडे पातं. कोणाच्याही घरी गेले की दाराच्या फटीतून ते पातं वरून खाली फिरवायचे. "फटीवरून माणूस समजते," हे त्यांचं आवडतं वाक्य. माणूस समोर बसलेला असायचा, चहा पुढे केलेला असायचा, आणि हे त्याच्या कपाटाचं दार उघडझाप करून त्याला समजून घेत असायचे.

आमच्या वास्तुशांतीला सागवानी दाराचं कौतुक चाललेलं होतं. सासरे प्रत्येक पाहुण्याला दारापाशी थांबवून लाकडावर हात फिरवायला लावत होते. भाऊजी आले, पातं काढलं, आणि भरल्या पंगतीत मला म्हणाले, "खालून मोठी, वरतून बारीक. सुतारानं तुमाले बनवलं, मास्तरीणबाई." सासऱ्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी त्या दिवशी मनातल्या मनात या गृहस्थांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हेच गृहस्थ रंधा घेऊन दारात उभे. दार उतरवलं, घासलं, कब्जे बदलले, परत चढवलं. वर मलाच बोलले की चहात साखर कमी आहे. ते दार आजही एका बोटाने लागतं. चीड यावी आणि उपकारही मानावे लागावेत, अशी पंचाईत हा माणूस करून ठेवायचा.

गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ वारले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. हार घातलेला फोटो भिंतीवर होता. खाली त्यांची बायको पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. भाऊजी उठले, फोटो थोडा डावीकडे केला, मागे सरकून पाहिलं, परत जाऊन थोडा उजवीकडे केला. "आता बरोबर," म्हणाले आणि खाली बसले. कमलताईंनी, म्हणजे भाऊजींच्या बायकोने, त्यांच्या बुशकोटाची बाही ओढली ती तशीच धरून ठेवली. बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, "भाऊजी, थोडं तरी भान." ते म्हणाले, "तिरपाच ठेवाचा होता का मंग जिंदगीभर?"

एक गोष्ट मात्र कबूल करते. खोटं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. गावाकडे शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण झालं, मोजणीदार आला, तेव्हा सख्ख्या भावासमोर यांनी सांगितलं, "धुरा आमच्याच भावानं सरकवला. जेथी चिंच होती तेथी होता." भावाने बोलणं टाकलं. यांनी त्याबद्दल कधी हळहळ केली नाही. असा माणूस एकदा खोटं वागला की ते साध्या माणसाच्या खोट्यापेक्षा जास्त लागतं. मला लागलं.

आता गाडीकडे येते.

निवृत्तीनंतर त्यांनी एका डॉक्टरांची जुनी अँबेसेडर घेतली. पांढरी म्हणून घेतली, पण सायीच्या रंगाची झालेली. पुढून केव्हातरी ठोकलेली होती, म्हणून डॉक्टरांनी काढून टाकली. गाडी घेण्यामागे कमलताई होत्या. त्यांचं माहेर साकोलीकडचं, तलावाच्या पारीला, म्हणजे बांधाला, लागून असलेलं धानकऱ्यांचं गाव. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचा नाच होतो, रात्री नाटक होतं, आणि गावच्या लेकी सासरहून येतात. कमलताई लहान असताना मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरचे लोक अशाच गाडीतून मंडईला यायचे. पोरं गाडीला हात लावायला धावायची आणि ड्रायव्हर त्यांना हुसकून लावायचा. ही हकिकत त्यांनी लग्नानंतर नवऱ्याला सांगितली असणार, कारण गाडी दारात उभी राहिली त्या दिवशी भाऊजी माझ्यासमोर म्हणाले, "कमल, यंदा तुह्या गावच्या मंडईले याच गाडीत जाऊ. पाहू कोण हुसकते तं."

ताई हसल्या. ते हसू मी पाहिलं आहे, म्हणूनच पुढचं सगळं मला सहन झालं नाही.

मंडईला अवकाश होता. भाऊजींनी इंजिन खोललं, साफ केलं, बसवलं. ब्रेक पाहिले, दिवे पाहिले. गाडी चालायला लागली. राहिलं फक्त बॉनेट. ठोकलेल्या गाडीचं बॉनेट. डावीकडे जराशी जास्त फट, उजवीकडे जराशी कमी. त्यातून वारा जात नव्हता, पाणी जात नव्हतं, आणि आमच्यासारख्यांना तर ती दिसतही नव्हती. पण त्यांना दिसत होती. "एवढं बसवतो, मंग जाऊ," ते म्हणाले.

त्यातच पावसाळा आला. टायर ओल्या जमिनीवर उभे राहून खराब होतात म्हणून त्यांनी चारही चाकं काढली आणि आपल्या पलंगाखाली ठेवली. गाडी अंगणात विटांच्या चार ढिगांवर चढवली. इंजिन मात्र आठवड्यातून एकदा चालू करून पाहायचे. बॉनेटचं काम त्यांनी त्या विटांवर असलेल्या गाडीवरच सुरू केलं.

ते काम कसं चालायचं ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसायचं. मडगार्डांवर जुनी चादर टाकायची, रंगाला ओरखडा नको म्हणून. कब्ज्यांचे बोल्ट सैल करायचे, पण थोडेच. मग हाक. "कमल." ताई पोळी तव्यावर टाकून यायच्या. त्यांनी एका बाजूने धरायचं, यांनी दुसऱ्या बाजूने. केसभर सरकवायचं. कधी कब्ज्याखाली वायसर घालायचा, कधी काढायचा. मग दोघांनी मिळून हलकेच खाली आणायचं. "आपटू नको, टेकव." खटका लागला की पुढची आज्ञा: "करंगळी फिरव."

फटीत पातं घातलं तर रंग खरवडला जाईल, म्हणून इथे पातं चालायचं नाही. यांच्या बोटांना पान्याचे घट्टे पडलेले. त्यांना बारीक खालीवर कळायचं नाही. ताईंची करंगळी बारीक होती. तिचं टोक फटीवरून काचेपासून दिव्यापर्यंत न्यायचं आणि कुठे अडतं ते सांगायचं. "एथी अडते," ताई म्हणायच्या. "किती?" "थोडीशी." "थोडीशी म्हणजे किती? नीट सांग न." आता करंगळीने काय मोजून सांगायचं? मी खिडकीतून बघत असायचे आणि माझीच पोळी करपायची. त्यांच्या गाडीच्या कडेला नेहमी कणकेचा पांढरा माग असायचा.

हिवाळ्यापर्यंत एखाद्या दिवशी फट बरोबर व्हायची. मग मुलगा दिवाळीला येऊन जायचा, पाहुणे यायचे, आणि पुन्हा पाहिलं की बिघडलेली. पुढच्या पावसाळ्यानंतर तर हमखास बिघडलेली. असं सालोसाल चाललं. मंडई यायची, बॉनेट बसलेलं नसायचं, दोघं एसटीने जायचे. ताई एसटीतून उतरून आल्या की मला चिवड्याचा पुडा आणायच्या, आणि गाडीचं नाव काढायच्या नाहीत.

बिघडतं तर कोणामुळे? याचा शोध भाऊजी घ्यायचे, आणि तो शोध म्हणजे आमच्या गल्लीची दरवर्षीची शिक्षा. आधी पोरांवर आळ आला. गल्लीत क्रिकेट बंद. मग एका भुऱ्या मांजरीवर आला. ती उन्हाला बॉनेटवर बसायची. एवढ्याशा मांजरीच्या वजनाने लोखंडाचं बॉनेट वाकतं, हे या माणसाने गंभीरपणे ठरवलं आणि तिच्यामागे झाडू घेऊन धावले. दसऱ्याला ताईंना बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला मनाई. नंबरप्लेटला टिळा लावा आणि हात जोडा.

आणि मग वड्या.

ताईंच्या वड्या हा आमच्या गल्लीचा अभिमान होता. लाखोळीची डाळ भिजवून वाटायची, त्यात कोहळा किसून घालायचा, आलं, मिरची, जिरं. थंडीच्या कोवळ्या उन्हात चिमटीने सारख्या आकाराच्या वड्या घालायच्या. त्यांच्या हातची वडी वांग्याच्या भाजीत पडली की भाजीला दुसरं काही लागत नसे. त्यांचे गुडघे दुखायला लागले तेव्हापासून गच्चीवर जाणं बंद झालं. अंगणात शेळ्या शिरायच्या. बॉनेट मात्र उंच होतं, सपाट होतं आणि दिवसभर उन्हात होतं. एका सकाळी त्यांनी त्यावर धुतलेलं धोतर अंथरलं आणि वड्या घातल्या.

भाऊजी बाजारातून आले. मी कपडे वाळत घालत होते, म्हणून सगळं ऐकलं.

"हे काय करून राहिली?"

"वड्या होत, अजी. संध्याकाळी उचलतो."

"म्हून बसत नाही. मी इकडे जीव काढून राहिलो अन् तू ओलं वजन ठेवून राहिली त्याच्यावर. दरसाल ठेवत अशीन तू."

"आजच ठेवल्या. पयल्यांदाच."

"खोटं नको बोलू."

ताई खोटं बोलत नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी त्यांनी वड्या माझ्या गच्चीवर घातल्या होत्या, मीच परात उचलून नेली होती. मी भिंतीवरून हे ओरडून सांगितलंसुद्धा. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. धोतराची चार टोकं धरून त्यांनी वड्या उचलल्या आणि ओट्यावर ठेवल्या. फेकल्या नाहीत, हे खरं. पण ओल्या वड्या एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झाला. ताईंनी तो गोळा शेळ्यांना घातला. त्यानंतर त्यांनी वड्या केल्या नाहीत. मी डाळ भिजवून दिली, माझी गच्ची देऊ केली. "नाही बाई," त्या म्हणाल्या, "माहा हात लागला का त्यायचं बॉनेट बिघडते." हे त्या थट्टेने म्हणाल्या असतील असं वाटून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं.

माझा राग सगळ्यात जास्त इथे आहे. दोष देणाऱ्याचं एक वेळ सोडून देता येईल. पण दिलेला दोष त्या बाईने उचलून आपल्या पदरात बांधून घेतला होता.

पुढे गुडघे आणखी बिघडले. एसटीची पायरी त्यांना चढता येईना. त्या वर्षी मंडईला जाणं झालं नाही. भाचा फोनवर दंडारीचा व्हिडिओ पाठवायचा, त्या तो डोळ्यांजवळ धरून पाहायच्या आणि मला दाखवायच्या, "हा आमचा शालिक, लहान भाऊ. पाय कसा दुमडला त्याचा." मी भाऊजींना म्हटलं, भाड्याची गाडी करा. ते म्हणाले, "घरी गाडी असून भाड्याची करू? लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, लोक गेले खड्ड्यात, बाईला माहेरी न्या. ते म्हणाले, "बॉनेट बसू द्या, मास्तरीणबाई. या हप्त्यात बसतेच." पुढच्या वर्षी शालिकभाऊ स्वतः आजारी पडले आणि ताईंचं जाणं पुन्हा राहिलं, कारण हप्ता तोच होता आणि बॉनेटही तेच.

त्याच्या पुढच्या मंडईच्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर भाऊजी त्यांच्या अंगणात उभे आणि समोर गाडीच्या मागच्या सीटवर कमलताई. नवं लुगडं, केसात फूल, मांडीवर पिशवी. विटांवर चढवलेल्या, बिनचाकाच्या गाडीत पाटावर पाय देऊन त्या कशा चढल्या हे देवालाच माहीत.

"उतर," भाऊजी म्हणाले.

"नाही."

"चाकं नाही गाडीले. कुठं जाशीन?"

"मी कुठंच नाही जात. मी बसली हावो. तुमाले जाचं असन तवा गाडी काढा."

"बॉनेट—"

"बॉनेटचं नाव काढू नका." ताईंचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "मेल्यावर नेसान का मले मंडईले? भाऊ मरता मरता वाचला माहा. मले बॉनेट नाही पाह्यचं, मले भाऊ पाह्यचा हाये."

चहा नेला तर त्यांनी घेतला नाही. गल्लीतले लोक जमले. कोणी हसत होतं, त्यांना मी हाकललं. आमच्या घरचे आणि समोरचे दोघं पुढे झाले. भाऊजींनी हातातला पाना ठेवला, आत गेले आणि पलंगाखालून चाकं काढायला लागले. चाकांत हवा भरली, जॅक लावला, एकेक चाक चढवलं. ताई आतच बसून होत्या, गाडी वरखाली होताना सीटला धरून. शेवटी विटा काढल्या आणि गाडी किती तरी पावसाळ्यांनंतर आपल्या पायांवर जमिनीला टेकली.

विटा काढताना मी जवळच होते. तीन ढीग सरळ होते. पुढचा डावा, जिथे न्हाणीघराचं सांडपाणी मुरतं, तो खालून रुतलेला होता. सगळ्यात खालची वीट जमिनीत गेली होती. म्हणजे दर पावसाळ्यात, आणि दिवाळीच्या पाहुण्यांच्या आंघोळींनीही, तो कोपरा खाली बसत होता, जुनी बॉडी तिकडे पिळली जात होती, आणि दर हिवाळ्यात हे गृहस्थ तिरक्या उभ्या गाडीवर सरळ बॉनेट बसवत होते. नाचता येईना अंगण वाकडे असं म्हणतात. इथे अंगण खरंच वाकडं होतं आणि बोल दुसरीलाच लागत होता.

ऑइल पाहायला भाऊजींनी बॉनेट उघडलं होतं. त्यांनी ते खाली आणलं, टेकवलं. खटका लागला. असा आवाज त्या गाडीतून मी कधी ऐकला नव्हता. एकच, बसका, भरीव. ते वाकले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग त्यांची नजर बाजूला पडलेल्या विटांवर गेली. तिथे ती बराच वेळ राहिली. मी पुढे झाले आणि माझी करंगळी काचेपासून दिव्यापर्यंत फिरवली. दुसऱ्या बाजूने फिरवली. कुठेच अडली नाही.

आतून ताईंनी विचारलं, "काय झालं जी?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली. आता हा माणूस बोलेल, मला खात्री होती. सख्ख्या भावाविरुद्ध बोलला तो माणूस.

"काही नाही," ते म्हणाले. "चाल, निघू."

मी ताईंच्या शेजारी बसून गेले. त्यांनीच आग्रह केला, आणि मला बाकीचं काही असलं तरी ती मंडई पाहायची होती. रस्त्यात धान कापून पडलेलं होतं, तलावांत पाणी भरलेलं होतं. ताई काच खाली करून हात बाहेर ठेवून बसल्या होत्या. गावात शिरलो तर पोरं गाडीमागे धावली. पारीवर गाडी थांबली तशी सगळी भोवती जमली आणि हात लावायला लागली. भाऊजी सवयीने ओरडायला वळले. "लावू द्या," ताई म्हणाल्या. "लावा रे पोरंहो, हात लावा. वर चढाचं असन तं वर बी चढा." दोन पोरं खरंच बॉनेटवर चढून बसली. भाऊजी तोंड फिरवून तलावाकडे बघत राहिले. शालिकभाऊ काठी टेकत आले आणि बहिणीच्या गळ्यात पडून रडले. दंडारीच्या गर्दीत ताईंना खुर्ची मिळाली, पुढच्या रांगेत. त्या दिवशी त्या भरपूर बोलल्या, भरपूर हसल्या, आणि परतताना माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या.

ते सगळं मी भाऊजींच्या खाती जमा धरायला तयार होते. पण चार दिवसांनी खिडकीतून पाहते तर गाडी परत विटांवर. त्याच चार जागी.

मी भिंतीपाशी गेले. "भाऊजी, हे कायले?"

"टायर खराब होते."

"अन् ती वीट? दिसली नाही का तुमाले?"

"कोणची वीट?" ते म्हणाले, आणि कब्ज्याचा बोल्ट सैल करायला वाकले.

त्या माणसाला कळलं नव्हतं असं नाही. त्याला कळलं होतं, आणि कळलेलं त्याने उचलून परत विटांखाली ठेवलं होतं. कारण ते मान्य केलं तर पोरांचं, मांजरीचं, आणि त्या वड्यांचं काय करायचं? सगळं कबूल करण्यापेक्षा आणखी काही वर्षं बॉनेट बसवत राहणं त्याला सोपं वाटलं. "कमल," त्यांनी हाक मारली. आणि ताई आल्या. कणकेचे हात पुसत आल्या, बाजूला उभ्या राहिल्या, करंगळी पुढे केली.

मी त्यांना नंतर सांगितलं. विटेबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असन. पण त्यायनं सांगतलं पाह्यजे न. तू सांगून काय होते?" एवढंच. पुन्हा हा विषय आमच्यात निघाला नाही. पण मला दिसायचं, दुपारी कधी दोघं ओट्यावर बसले की त्या भाऊजींच्या तोंडाकडे बघत असायच्या. बाई वाट पाहत होती.

पुढच्या पावसाळ्यात ताईंना ताप आला. दवाखान्यात नेलं, आणि त्या परत आल्या नाहीत. मुलगा आला, नातेवाईक आले. ताईंचा फोटो भिंतीवर लावला तो थोडा डावीकडे कललेला होता. मी मुद्दाम बघत होते. भाऊजी त्याच्यासमोर बसले होते, पण उठले नाहीत. तेरवीपर्यंत तो तसाच होता.

त्या हिवाळ्यात मुलगा त्यांना पुण्याला न्यायला येणार होता. त्याच्या आधीच्या एका सकाळी भिंतीपलीकडे खुडबुड ऐकू आली म्हणून मी खिडकी उघडली. गाडी चाकांवर उभी होती. विटा भिंतीला लावून रचलेल्या होत्या. बॉनेटवर धुतलेलं धोतर अंथरलेलं होतं आणि भाऊजी शेजारी परात घेऊन उभे होते. परातीतलं वाटण चिमटीत घेत होते आणि वड्या घालत होते. एक लहान, एक मोठी, एक पसरलेली. घट्टे पडलेल्या बोटांतून पीठ सुटत नव्हतं. मधून मधून ते दुसऱ्या हाताने कावळे हाकत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारांतल्या फटी मोजलेल्या त्या माणसाच्या वड्यांच्या दोन रांगा सारख्या नव्हत्या, आणि तो त्या सरळ करत नव्हता.

मी बाहेर गेले. माझा राग गेला नव्हता, आजही नाही. भिंतीपाशी उभी राहिले.

त्यांनी मान वर केली नाही. "वड्यायनं बॉनेटले काही होत नाही, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "मी पाह्यलं."

"हे तिले सांगाचं होतं, भाऊजी."

"हो," ते म्हणाले, आणि परातीतून पुढची चिमूट घेतली.